कानाला खडा

चाळीस मैलांच्या पुढे काटा गेला की सुरू व्हायचं.
आधी बारीक, शेजारच्या खोलीत कुणी
काचेवरून नख ओढावं तसं,
मग दात शिवशिवायला लागेपर्यंत.

मागच्या गाडीनंतर कानाला खडा लावला होता मी,
पुन्हा जुनं घ्यायचं नाही.
पण व्हर्लिन ओसगार्ड डोळ्यांत बघून म्हणाला,
"आवाज? कसला आवाज?"
सत्त्याण्णवची फोर्ड, एकहाती,
जिल्ह्याबाहेर चाक म्हणून गेलेलं नाही.
मी दोन हजार दोनशे डॉलर मोजले.

आवाजाबद्दल तरी तो खोटं बोलत नव्हता.
त्याचं कानातलं यंत्र मला नंतर गाडीच्या खणात सापडलं,
टायरची हवा मोजायच्या नळीशेजारी,
बॅटरीला हिरवा गंज.

मर्ना शेलंड बर्फ उपसायची यंत्रं दुरुस्त करते,
पिकअप फक्त ओळखीच्यांच्या.
बोटं पुसत तिनं विचारलं, थांबतो कधी?
येतो कधी ते सगळेच सांगतात.
मला आठवेना.
दुखण्याची हजेरी आपण रोज मांडतो,
रजा कोण लिहून ठेवतं?

पट्ट्यावर पाणी मारून बघितलं. नाही.
पट्टा काढून इंजिन चालवलं. तरी नाही,
उभी गाडी साळसूद.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरला, मूठ कानाला,
मर्ना डोळे मिटून उभी,
आत कुणाचं तरी बारसं चाललंय अशा चेहऱ्यानं.
"हा बिचारा कुरकुरतोय नुसता. ओरडणारा हा नव्हे."

मग रस्त्यावर. ती पाठीमागे उघड्यावर उताणी,
कान पत्र्याला, एक हात वर.
गिअर काढ! काढला. आवाज तसाच.
म्हणजे इंजिन सुटलं, चाकं राहिली.
डावीकडे वळव!
इथले रस्ते पट्टीनं आखलेले,
वळण हवं तर धान्याच्या कोठारापर्यंत जायचं.
गेलो. वळलो. किंचाळी दुप्पट.
मी घाबरून ब्रेकला पाय लावला,
टेकवलाच नुसता,
आणि शांत.

इतकी शांत की टॅकलेले धान्याचे दाणे
पत्र्यावर घरंगळताना ऐकू आले.

उजवं पुढचं चाक काढलं.
ब्रेकची तबकडी आणि तिच्यामागचा पातळ पत्रा
यांच्या फटीत, तासून तासून नखाएवढा उरलेला
खडा.
मर्नानं तो चिमटीत धरून उजेडात फिरवला.
लाल.

आमच्याकडची खडी करडी.
लाल खडीचे रस्ते चार तास पश्चिमेला,
जिथे जमीन फाटत फाटत दऱ्या होते
आणि पूर्वी कधीतरी पोटात कोळसा जळून
वरची माती विटेसारखी भाजली गेली.
जिल्ह्याबाहेर चाक म्हणून गेलेलं नाही.
मर्ना काही बोलली नाही.
चाळीस डॉलर घेतले, वर एक कॉफी पाजली.

शनिवारी खडा घेऊन व्हर्लिनकडे गेले.
फाटकातलं कुत्रं, जे मैलभरावरून उठून बसायचं,
बंपर नाकाशी येईपर्यंत झोपलेलंच.
व्हर्लिननं खडा तळहातावर घेतला,
अंगठ्यानं उलटा केला, पुन्हा सुलटा.
"पश्चिमेकडचा दिसतो," मी म्हटलं.
"हं?"
मोठ्यानं म्हटलं. "हं?"
तिसऱ्यांदा ओरडलेच, कुत्रं उठलं.
त्यानं खडा शर्टाच्या खिशात टाकला,
बटण लावलं, वरून एकदा चाचपलं.
"सूर्यफुलं यंदा उशिरा," म्हणाला.
मी त्याचं यंत्र, नवी बॅटरी घालून,
कठड्यावर ठेवून निघाले.

परतताना काचा खाली. पन्नास, गप्प.
साठ, गप्प.
मी अजून मान तिरकी करून बसलेली,
पाहुणा गेल्यावरही दाराकडे बघत राहावं तशी.

सत्तरला डॅशबोर्डच्या मागे काहीतरी
खुळखुळायला लागलं.